चार आणे कधी देतोस?

पत्र (थोडं कापून देते आहे):

मावशी, नमस्कार.

मी खटाव तालुक्यातला, वय 20. आम्ही चार मित्र दोन वर्षं पहाटे साडेचारला उठून सैन्यभरतीच्या अकॅडमीत पळायला जायचो. चौघांनी फॉर्म भरला, चौघं लेखी पास झालो, चौघांनी ग्राउंड मारलं. मेडिकलला ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे मला दिसले नाहीत. रंग ओळखू येत नाहीत म्हणून अनफिट. वीस वर्षांत मला हे कधी कळलंच नव्हतं. बाकी तिघांची अग्निवीर म्हणून निवड झाली. आता ट्रेनिंगला निघायच्या तारखेची वाट बघतायत. चौकात फ्लेक्स लागला, फेटे बांधून सत्कार झाला. फोटो मी काढले.

प्रश्न वेगळा आहे. तिघांतला एक माझा पहिलीपासूनचा दोस्त. त्याचा थोरला भाऊ फौजेत आहे. 2025 च्या मे महिन्यात तो स्वतःच्या लग्नासाठी सुट्टीवर आला होता. हळद उतरायच्या आत ऑपरेशन सिंदूरच्या वेळी फोन आला आणि तो परत गेला. पुढे चार दिवस त्याचा फोन लागत नव्हता. तेव्हा मी रात्री त्यांच्याच घरी झोपायला जायचो. तेव्हापासून त्याची आई मोबाईल उशाखाली घेऊन झोपते. परवा विहिरीवर दोस्त म्हणाला, "मला जायची भीती वाटतीय. कुणाला सांगू नको." मी काहीच बोललो नाही. त्याच्या आईला सांगू का? सांगितलं आणि तो थांबला, तर गाव म्हणेल याला जमलं नाही म्हणून त्याला खोडा घातला. नाही सांगितलं आणि उद्या काही झालं तर? बाकी दोघांशीही आता नीट बोलता येत नाही. मी विषय काढत नाही, तेही काढत नाहीत.

ता. क. दोस्ताकडे माझे बुटांचे 350 रुपये राहिलेत. आता मागायला लाज वाटते.

– मागे राहिलेला

अरे बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ताजा कलमापाशी अडले. त्याच्याकडे नंतर येते.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते, म्हणजे तुला झोप लागेल. त्याच्या आईला सांगू नकोस. विहिरीवर तो जे बोलला ते तुझ्याशी बोलला. ते घरी न्यायचं की नाही, हे त्याचं त्याने ठरवायचं. त्या माउलीच्या उशाखाली एक मोबाईल आहे तेवढा पुरे.

पण गप्प बसलास ते काही मला पटलं नाही. तुमच्या मुलखात पोरगं आईजवळसुद्धा भीती हा शब्द काढत नाही. साताऱ्याजवळचं अपशिंगे तुला ठाऊकच असेल, नावातच 'मिलिटरी' लागलेलं गाव. पहिल्या महायुद्धात त्या एका गावची 46 माणसं गेली. इंग्रज सरकारने त्यांच्या नावाने स्मारक उभारलं. आजही तिथे घरटी कुणी ना कुणी फौजेत असतं. अशा जिल्ह्यात जन्मलेल्या मुलाने 'भीती वाटतीय' म्हणायला किती दिवस घेतले असतील, विचार कर. आणि समोरून काय आलं? विहिरीत खडा टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं.

तर पुन्हा जा. विहिरीवरच जा. एवढंच विचार: "कसली भीती वाटतीय?" आणि मग त्याला बोलू दे.

चुकत असेन, पण तुझं पत्र वाचून मला असं वाटतं की तो गोळीला घाबरलेला नाही. 7 मेच्या पहाटेपासून 10 मेच्या संध्याकाळपर्यंत त्याचा भाऊ सरहद्दीवर काय करत होता, ते त्याने पाहिलं नाही. त्याने पाहिलं ते घर. चुलीपुढे बसलेली आई, हिरवा चुडा भरलेली आणि अजून कुणाला नावानेही न ओळखणारी नवी वहिनी, अंगणात विनाकारण फेऱ्या मारणारे वडील. त्या दिवसांत नियंत्रण रेषेवर एक अग्निवीरही गेला. त्याचं कुटुंब घाटकोपरच्या कामराजनगरात राहायचं. ती बातमी त्यांच्याही टीव्हीवर लागली असणारच. एक मुलगा गेल्यावर घराचं काय होतं हे त्याने आतून पाहिलंय, आणि आता दुसरा जाणारा तो स्वतः आहे. मी त्याच्या जागी असते तर मलाही पाणी गोड लागलं नसतं.

हीच भीती असेल तर तिच्यावर करण्यासारखं बरंच काही आहे, आणि त्यातलं निम्मं तुझ्याकडूनच होणार आहे. ते पुढे सांगते. पण समजा ते नसेल. समजा त्याला मनापासून जायचंच नसेल. दोन वर्षं सगळे पळत होते म्हणून तोही पळाला असेल. तर एक गोष्ट त्याला माहीत हवी. अग्निवीर म्हणून एकदा नाव दाखल झालं की चार वर्षांच्या आत आपल्या मर्जीने सोडून येता येत नाही. अगदीच अपवाद म्हणून वरून परवानगी मिळते, तिच्यावर विसंबू नये. म्हणजे काय तो विचार आत्ता, तारीख यायच्या आत. निवड होऊनही न जाणाऱ्याला गाव चार महिने बोलेल. फ्लेक्स लागलाय म्हणून कुणी चार वर्षं देऊ नयेत. फ्लेक्सचं काय, पुढच्या वाढदिवसाला त्याच बांबूंवर दुसरा कुणी चढतो.

पण हे ठरवताना त्याने तुझं ऐकू नये, असं मला वाटतं. रागावू नकोस. तुझ्या मनात कुठेतरी एक कोपरा असेल, जो म्हणत असेल की हा थांबला तर मी एकटा पडणार नाही. असला तर त्याची लाज बाळगू नकोस, माणसाला असं वाटतंच. फक्त त्या कोपऱ्याच्या हाती सल्ला देऊ नकोस. 'जा' म्हणू नकोस, 'थांब' म्हणू नकोस. दोन्हीतलं काहीही बोललास तर ते जन्मभर तुमच्या दोघांच्या मधे बसेल. त्याच्या घरातच एक माणूस आहे ज्याला हे सगळं विचारता येईल: थोरला भाऊ. "दादाला एकदा फोन कर, आणि आई जवळ नसताना कर," एवढं सांग. पहिल्या रात्री बराकीत दादाला झोप लागली होती का, हे त्याने धाकट्याला आजवर सांगितलं नसेल. विचारलं तर सांगेल.

आता बाकी दोघांशी बोलता येत नाही, त्याबद्दल. त्यासाठी तुला माझ्याबरोबर परळला यावं लागेल, 1971 च्या डिसेंबरात.

मी तेव्हा पंधरा वर्षांची. आमचं मूळ गाव कोरेगाव तालुक्यातलं, वडील गिरणीत, चाळीतल्या एका खोलीत आम्ही सात माणसं. शेजारच्या खोलीतला मुलगा माझ्या भावाचा जिगरी दोस्त. तो मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाला होता आणि बेळगावला हजर व्हायच्या पत्राची वाट बघत होता. 3 डिसेंबरला लढाई सुरू झाली आणि मुंबईत ब्लॅकआऊट लागला. खिडक्यांना काळे कागद चिकटवले, मोटारींच्या दिव्यांना काळा रंग फासला. भोंगा झाला की दिवे घालवायचे आणि गप्प बसायचं. गिरणगावाला भोंग्याचं काय नवल! पण हा भोंगा वेगळा, वर-खाली होणारा. पहिल्या रात्री माझी आजी गिरणीचा समजून उठली आणि अंधारात वडिलांचा डबा भरायला लागली.

त्या मुलाला चाळीने लढाईत पाठवूनच टाकलं. अजून त्याने बंदूक हातात धरली नव्हती. पण जिना उतरला की कुणीतरी तबक घेऊन उभी. नळावर त्याची बादली पुढे. कॅरममध्ये त्याला मुद्दाम राणी घेऊ देत. एरवी विडीचा वास आला तरी कान पिळणारे तळमजल्यावरचे आजोबा त्याला म्हणाले, "ओढ बाबा, ओढ." पुढे कितीतरी वर्षांनी तो मला म्हणाला, "आजोबा 'ओढ' म्हणाले ना, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी मरणार आहे असं या लोकांना वाटतंय."

माझा भाऊ मात्र रोज रात्री अंधारात जिन्यावर त्याच्या शेजारी जाऊन बसायचा आणि विचारायचा, "माझे चार आणे कधी देतोस?" कसल्यातरी सिनेमाच्या तिकिटाचे राहिले होते. तो म्हणायचा, "पहिला पगार झाला की." भाऊ म्हणायचा, "व्याज लागेल." मग दोघं कुणाकुणाची नक्कल करत बसायचे. आई आतून ओरडायची, दिवे नसले तरी कान आहेत म्हणून.

16 डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली. तेरा दिवसांत सगळं आटोपलं. त्याचं हजर व्हायचं पत्र जानेवारीत आलं. हवालदार होऊन निवृत्त झाला, आता गावी असतो, गुडघ्यांनी हैराण आहे. त्या तेरा दिवसांविषयी तो अजून एवढंच सांगतो, की चाळीत एकच माणूस माझ्याशी पूर्वीसारखा बोलत होता.

तुझे दोघं मित्र विषय काढत नाहीत, कारण त्यांनाही कळत नाही की तुझ्यासमोर आनंद दाखवावा की लपवावा. तू सुरुवात कर. सरळ म्हण, "मला वाईट वाटलं, अजून वाटतं. आता चला पळायला." हो, पळायला. त्यांना तिथे जाईपर्यंत दम टिकवायचाय, आणि तुझं पळणं सैन्याच्या मालकीचं नाही. वाट पाहणाऱ्याचा दिवस फार लांब असतो. तो भरायला त्यांना सत्काराचा उपयोग नाही, पहाटे साडेचारला दार वाजवणारा माणूस लागतो.

तुला कामाचं म्हणाले होते, ते आता.

पहिलं काम त्या आईच्या मोबाईलचं. आमच्या वेळी रेडिओवर बातम्या ठरलेल्या वेळी लागायच्या. दोन बातम्यांच्या मधे माणूस दळण आणायचा, पाणी भरायचा, भांडायचा. आता बातमी थांबतच नाही, आणि खोटी असली तरी थांबत नाही. 1971 मध्ये आपल्या नौदलाने कराचीवर खरोखर हल्ला केला होता. 2025 च्या मे महिन्यात काही वाहिन्यांनी कराची बंदर एका रात्रीत उद्ध्वस्त करून दाखवलं, आणि सकाळी ते जागच्या जागी होतं. एटीएम बंद राहणार असा निरोप फिरला, तो खोटा म्हणून सरकारला सांगावं लागलं. पेट्रोल संपणार म्हणून पंपांवर रांगा लागल्या, तेल कंपन्यांना साठा भरपूर आहे असं जाहीर करावं लागलं. ज्यांचं कुणी तिकडे नाही त्यांना याने काही होत नसेल, पण जिचा मुलगा तिकडे आहे तिचं मोबाईलच्या प्रत्येक आवाजाला काळीज हलतं. तर तिच्या मोबाईलवर मुलाच्या नंबराला वेगळी रिंग लावून दे. सगळे ग्रुप रात्री मुके कर. मग तिला सांग, "काकी, ही रिंग वाजली तरच उठायचं, बाकी वाजणारच नाही." फोन उशाखाली राहील, राहू दे. निदान झोप लागेल. हे तुला दोस्ताच्या गुपिताला हात न लावता करता येईल, आणि दोस्त ते पाहील.

दुसरं, कागद. हा विषय घरात अशुभ वाटतो, म्हणून कुणी काढत नाही. तू बाहेरचा, तुला काढता येईल. पहिल्या वर्षी 30,000 पगार, त्यातले 9,000 सेवानिधीत जातात, हातात 21,000. चार वर्षांनी सेवानिधीचे सुमारे 11.71 लाख मिळतात, पेन्शन नाही. जास्तीत जास्त 25 टक्के मुलं पुढे कायम होतात. सेवेच्या काळात 48 लाखांचा विमा असतो. हे तिघांच्या वडिलांना नीट माहीत आहे का? वारस म्हणून कुणाचं नाव लावायचं, बँकेचं खातं कुणासोबत, आधार आणि सातबाऱ्यावर नाव एकसारखं आहे का, असल्या क्षुल्लक गोष्टींनी पुढे माणसं हेलपाटे घालतात. साताऱ्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिघांच्या वडिलांना एकदा एसटीत घाल आणि तिथे घेऊन जा. येताना चहा त्यांच्याकडून घे.

तिसरं, पत्र. ट्रेनिंगमध्ये मोबाईल हवा तेव्हा मिळत नाही. आणि मिळाला की पहिला फोन आईला, दुसरा कुणाला ते विचारायला नको, तुझा नंबर लागेपर्यंत वेळ संपते. म्हणून कागदावर लिही. हसू नकोस, पोस्टात आंतरदेशीय पत्र अजून मिळतं. 1971 च्या नोव्हेंबरपासून प्रत्येक पत्रावर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठी पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं. आमच्या घरी पैशापैशाचा हिशेब, तरी भावाने बेळगावला महिन्याला एक पत्र चुकवलं नाही. अक्षर असं की पोस्टमनने पोचवलं हेच नवल. आणि लिहायचं काय? 'काळजी घे', 'तुझा अभिमान आहे', हे नको, ते त्याला सगळेच लिहिणार. पुसेगावच्या यात्रेत कुणाचे बैल पळाले, विहिरीला पाणी किती आहे, बटाट्याला काय भाव मिळाला, अकॅडमीच्या सरांनी नवीन पोरांपुढे तुमच्या नावाने काय थापा मारल्या, ते लिही. पुढे पोस्टिंग झाल्यावर पत्त्यात गाव नसेल, 56 एपीओ किंवा 99 एपीओ असं काहीतरी, म्हणजे लष्करी टपाल कार्यालयाचा नंबर असेल. गाव नाही ते मुद्दामच. तेव्हा फोनवर "आहेस कुठे?" विचारू नका, आणि त्याने पाठवलेला फोटो 'आमचा वाघ' म्हणून ग्रुपवर सोडू नका. मागे डोंगर दिसतो, पाटी दिसते. वाघाला ते नको असतं.

राहता राहिलं तुझं. लाल-हिरव्यातला फरक न दिसणं बहुतेकदा जन्मजात असतं, त्यात तुझी कसूर नाही, आणि औषध नाही. आता तुमच्याकडे एखादा 'साहेबांशी ओळख आहे, पुढच्या वेळी पास करून देतो' म्हणणारा येईल. आकडे पाठ करून घेतो म्हणणाराही येईल, रंगीत काचेचा चष्मा विकणाराही येईल. तो चष्मा तपासणीत चालत नाही, आणि पाठांतर करून आत गेलास तरी दिव्याचा लाल-हिरवा तुला दिसणार नाहीच. एक रुपया देऊ नकोस. साताऱ्याच्या नेत्रतज्ज्ञाकडून नेमकं काय आणि किती आहे ते लिहून आण. पोलीस, रेल्वे, वनखातं, कुठलाही फॉर्म भरण्याआधी त्यांचे डोळ्यांचे नियम वाच. दोन वर्षं पळून शेवटच्या खोलीत कळणं पुन्हा नको.

एक विचारू? तिघं मेडिकलला पास झाल्यावर तू एकटा बाहेर आलास, त्या दिवशी घरी कसा गेलास? कुणाबरोबर? पत्रात एकही ओळ नाही त्याची. दोस्ताची भीती तू दोन पानं लिहिलीस आणि स्वतःचं एका वाक्यात उरकलंस. विहिरीवर गेलास की त्याचं ऐकून झाल्यावर हेही त्याला सांग. तोही ऐकायला मोकळाच आहे, तारीख येईपर्यंत.

सहीत 'मागे राहिलेला' लिहिलंयस, ती सही मला आवडली नाही. मे महिन्यात त्या घरात चार रात्री अंथरूण टाकून कोण झोपलं होतं? पुढच्या पत्रावर तुझं नाव घाल.

आणि ते 350 रुपये. आज संध्याकाळीच माग, बाकी दोघांसमोर, मोठ्याने. तो पहिल्या पगाराची सबब सांगेल. व्याज लाव.

तुझी,
मावशी